चित्रं नसलेली पुस्तकं

१

सुट्टीत मुलीसाठी कुठली पुस्तकं आणावीत या काळजीनं एखाद्या बाईची झोप उडते, असं कुणी सांगितलं असतं तर आधी तीच खो खो हसली असती. लोकांची झोप दुखऱ्या दाढेनं उडते, शेजारच्या कुत्र्यानं उडते. हिनं मात्र उशीवर डोकं टेकलं की समोर पुस्तकांची रांग उभी राहायची आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक कमरेवर हात ठेवून विचारायचं, “मला नेऊन मुलीला वाचनाचा कंटाळा आणणार आहेस, की न नेता?”

वाचनालयाची पद्धत अशी, की शाळेला सुट्टी लागली की प्रत्येक घराला एक कापडी पिशवी मिळायची. तीत मावतील तेवढी पुस्तकं न्यावीत, वाटलं तर मंगळवारी बदलावीत, शाळा उघडली की पिशवी परत. सोपी गोष्ट. पण सोपी गोष्ट अवघड करण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

खरी काळजी पुस्तकांची नव्हतीच. शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्गशिक्षिकेनं तिला बाजूला घेतलं होतं. “मी गोष्ट सांगते तेव्हा सगळी मुलं हं, हं करत असतात. तुमची नुसती बघत बसते. काळजीचं काही नसेल, पण एकदा कान दाखवून घ्या.”

हे ऐकून ती आधी घाबरली नाही, चिडली. कारण घरी तर हं शिवाय पानच उलटत नसे. हा नियम गावी राहणाऱ्या तिच्या वडिलांचा, अप्पांचा. ऐकणाऱ्यानं हं म्हटलं नाही तर गोष्टीला झोप लागते असं ते सांगायचे आणि खरोखरच डोळे मिटून घोरायला लागायचे. तीच सवय तिला लागली होती. वाक्य संपवायचं, थांबायचं, हं आला की पुढे जायचं. या नव्या घरात राहायला आल्यापासून ती मुलीला रोज असंच वाचून दाखवत होती. मुलगी सहा वर्षांची. भिंतीला हात लावून कडेकडेनं चालायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. आणि इतक्या महिन्यांत एकही हं चुकला नव्हता.

निदान तिला तरी तसं वाटत होतं. तिचं कामच असं होतं की हं या विषयावर तिचा शब्द कुणी मानू नये. बैठकांचं ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकायचं आणि बोललेलं सगळं टाइप करायचं, हा तिचा घरबसल्या धंदा. त्यातला पहिला नियम: हं, अं, खोकला, खुर्चीची कुरकुर, सगळं गाळायचं. दिवसभर तिच्या कानांवरून शेकडो हं जायचे आणि तिच्या लेखी त्यातला एकही नसायचा.

२

वाचनालयात त्या सकाळी लग्नघराइतकी गडबड होती. मुलं जमिनीवर पसरली होती, आया एकमेकींच्या पिशव्यांत डोकावत होत्या, आणि ग्रंथपाल बाई बोटाला रबरी टोपी चढवून सगळ्यांवर सारख्याच रागावत होत्या. तिला एकदम हलकं वाटलं. नव्या-जुन्या कागदांचा तो वास आला की तिच्या काळज्या नेहमी चपला काढून बाहेर थांबायच्या.

तिनं झपाझप पुस्तकं काढली. आगबोटीचं, माकडाचं, ढग गोळा करणाऱ्या म्हातारीचं. बहिऱ्या राजाचं एक हाताला लागलं, ते तिनं कुणी बघायच्या आत परत खुपसलं.

मुंगीची तऱ्हा वेगळी होती. ती पुस्तक मधोमध उघडायची, आत बघायची आणि मिटून ठेवायची.

“हे नको.”

“का गं? किती छान हत्ती आहे.”

“हत्ती छान आहे. पण नुसता हत्तीच आहे.”

“मग? अजून कोण हवं होतं?”

“अक्षरं,” मुंगी म्हणाली.

आईच्या छातीत अभिमान असा काही दाटून आला, की आजूबाजूच्या एकदोन आयांनी हे ऐकलं का, हे तिनं हळूच बघून घेतलं. मुंगीला अजून जोडाक्षर आलं की ठेच लागायची, आणि ती अक्षरं मागत होती. तिनं मोठ्या मुलांच्या रांगेतली जाड पुस्तकं काढली. मुंगीनं एकेक उघडलं, पानभर दाटीवाटीनं बसलेला मजकूर बघून समाधानानं मान हलवली आणि पिशवीत टाकलं.

“चित्रांचं एक तरी घे गं.”

“नको. चित्रं तिथनं दिसत नाहीत.”

“कुठनं?”

पण मुंगी तोवर पुढच्या रॅकच्या कडेकडेनं निघून गेली होती.

आई तिथेच उभी राहिली. दिसत नाहीत. म्हणजे कानांबरोबर आता डोळेही. तिनं मनातल्या मनात कानांच्या डॉक्टरशेजारी डोळ्यांच्या डॉक्टरला खुर्ची दिली.

“एवढ्याशा पोरीला ही पुस्तकं?” ग्रंथपाल बाईंनी शिक्के मारता मारता विचारलं.

“तिचीच निवड आहे,” ती म्हणाली, जमेल तेवढ्या साधेपणानं.

“बघा हं. नाहीतर आईच वाचत बसते आणि मूल झोपतं.”

३

वाचायची जागा ठरलेली होती. झोपायच्या खोलीत खिडकीला लागून पलंग, समोर कपाट. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती आणि तीत इस्त्रीचं टेबल, एक मोडकी छत्री आणि कायमचा अंधार मावत असे. दुपारी पडदा ओढला की खोली आतून दिवा लावलेल्या कागदी पिशवीसारखी पिवळी व्हायची. ती भिंतीला टेकून बसायची, मुंगी पायथ्याशी पालथी.

पहिलं पुस्तक एका आगबोटीवरच्या स्वयंपाक्याचं निघालं. भर समुद्रात त्याचं मीठ संपतं आणि कप्तानाला कळू नये म्हणून तो जी काय धडपड करतो, ती वाचताना तिलाच इतकी गंमत वाटायला लागली की ती कप्तानाचा आवाज काढायला लागली. तिचा कप्तान थोडासा तिच्या सासऱ्यांसारखा यायचा. मुंगी पाय हवेत हलवत होती.

“स्वयंपाक्यानं बादली समुद्रात सोडली.”

हं.

“बादली वर आली, पण तीत पाणी नव्हतं.”

हं.

किती छान हं होता तो. घाईचा नाही, कंटाळ्याचा नाही. वाक्य पुरतं खाली टेकू द्यायचं आणि मग त्यावर हळूच झाकण ठेवायचं, असा. तिच्या नवऱ्याचा हं तिला ठाऊक होता. तो फोनमधून मान वर न काढता म्हटलेला असायचा आणि त्याचा अर्थ ‘मी ऐकत नाहीये’ असा असायचा. हा तसा नव्हता. कानांना काय धाड भरलीय, तिनं मनात वर्गशिक्षिकेला सुनावलं. पुढच्या लागोपाठच्या दुपारींत त्यांनी स्वयंपाक्याला तीन बंदरं पार करून दिली.

मग एका दुपारी मुंगी उठून बसली आणि दुधाचा पेला तिनं तोंडाला लावला. आई वाचत होती. “कप्तानानं घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.”

हं.

मुंगी दूध पीत होती. पेला अजून तिच्या तोंडाला होता आणि गळा घटघट हलत होता.

ती थांबली. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

“वाच ना,” मुंगी दुधाची मिशी पुसत म्हणाली.

त्यात काय, तिनं स्वतःला समजावलं. हं हा एकच आवाज असा आहे जो तोंड बंद ठेवूनच काढायचा असतो. पेल्याआडून निघत असेल. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा ती मोरीत वाकून ठसकत होती आणि पाणी नाकातून येत होतं.

“काय झालं?”

“पाणी पिताना हं म्हणता येतं का बघत होते.”

त्यानं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. आठ वर्षांच्या संसारानंतर तो अशा वेळी पुढचा प्रश्न विचारत नसे.

४

कान तपासायची खोली म्हणजे गालिचा गुंडाळलेली पेटी होती. आत मुंगी मोठे हेडफोन घालून बसली. आवाज आला की बटण दाबायचं. काचेबाहेर आई बसली आणि मुंगीचा अंगठा हलला की दर वेळी तिचा स्वतःचा अंगठा हलायचा.

तपासणाऱ्या तंत्रज्ञानं कागद पुढे सरकवला. “कान एकदम ठणठणीत आहेत. मलाही ऐकू येणार नाहीत असे आवाज हिनं पकडलेत. काळजी करायची तर माझ्या कानांची करा.”

तिला त्याला मिठी मारावीशी वाटली. बाहेर पडल्यावर तिनं मुंगीला आइस्क्रीम घेऊन दिलं, स्वतःलाही घेतलं, आणि दोघी रस्त्याच्या कडेला, अर्थात भिंतीलगत, चालायला लागल्या. ऊन होतं, सुट्टी होती, कान ठणठणीत होते. डोळेही ठीक होते. समोरच्या पाटीवरचा पक्षी कुठल्या रंगाचा आहे हे मुंगीनं मघाशीच सांगितलं होतं.

“मग शाळेत बाई गोष्ट सांगतात तेव्हा हं का नाही म्हणत गं?”

“मी घरी पण नाही म्हणत.”

“म्हणतेस की. रोज म्हणतेस.”

मुंगीनं आइस्क्रीम चाटायचं थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. आईलाच जोडाक्षर अडलंय, अशा नजरेनं.

“मी कधी म्हटलं? ते म्हणतात.”

“ते कोण?”

“ते. कपाटाकडचे. मला वाटलं तू त्यांनाच वाचून दाखवतेस.” ती पुन्हा चाटायला लागली. “तूच म्हणतेस ना, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. म्हणून मी शाळेत पण नाही बोलत.”

आईचं आइस्क्रीम मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं तेव्हा तिला ते कळलं. मुलांना काल्पनिक सवंगडी असतात, तिनं वाचलं होतं. चांगलं लक्षण असतं ते. पण तिला दुसरीच गोष्ट टोचत होती. ते. एखाद्या म्हाताऱ्याबद्दल मान देऊन बोलतानाही आपण तेच म्हणतो, आणि पुष्कळजण असले तरी तेच.

“ते म्हणजे एकजण आहेत की पुष्कळ?” तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

“मोठ्यांना असं मोजतात का?” मुंगी म्हणाली.

५

तिनं आपल्या धंद्यातलं केलं. दुसऱ्या दुपारी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो मांडीवर ठेवला, वर ओढणी टाकली, आणि वाचलं. नंतर मुंगी खाली खेळायला गेल्यावर कामाचे हेडफोन चढवून ऐकलं.

पंखा. पानांची सळसळ. स्वतःचा आवाज, नेहमीसारखाच तिच्या कल्पनेपेक्षा चिरका. आणि प्रत्येक वाक्यानंतर तो हं.

एक तर बरं झालं. म्हणजे मी वेडी नाही, ती म्हणाली. मग सवयीनं तिचं डोकं आपणहून कामाला लागलं. बैठकीत कोण कुठे बसलंय हे तिला न बघता सांगता यायचं; माइकपासून लांबचा आवाज पोकळ येतो, जवळच्याचा श्वासही येतो. मुंगी पायथ्याशी होती, तिचं मधलं एक खुदकन हसणं पोकळ आलं होतं. तिचा स्वतःचा आवाज वरून येत होता. हं मात्र दोघींपेक्षा जवळचा होता. म्हणण्याआधी किंचित श्वास घेतलेला तिला ऐकू येत होता.

फोन तिच्या मांडीवर होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातल्या प्रत्येक आवाजामागे कुठेतरी एक ढिला नट असतो यावर त्याची श्रद्धा होती. त्यानं हेडफोन लावून पूर्ण ऐकलं.

“तूच आहेस ती,” तो म्हणाला.

“मीच वाचतेय आणि मीच हं म्हणतेय?”

“तुझ्याकडनं काहीही होऊ शकतं.” त्यानं पुन्हा ऐकलं. एकदा हेडफोन काढून मागे वळून बघितलं. मग पान्हा आणला आणि पलंगाचे सगळे नट आवळले, कपाट ओढून फटीत टॉर्च मारला, इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, पुसलं आणि परत ठेवलं.

“काही आहे का?” तिनं विचारलं.

“छत्री टाकून द्यायला हवी,” तो म्हणाला. पण छत्रीला त्यानं हात लावला नाही.

६

तिनं वाचन बंद केलं. आजारपणाचं, कामाचं, उकाड्याचं, मिळेल ते निमित्त पुढे केलं. मुंगी रडली नाही, पण गुपचूप पिशवी ओढत कपाटापाशी नेऊन बसायला लागली. एका दुपारी आई स्वयंपाकघरात भांडी धूत-पुसत होती आणि तिला ऐकू आलं: “स्व-यं-पा-क्या-नं मी-ठ...” जोडाक्षरांना ठेचा खात, धडपडत, पण वाचत होती पोर. आपणहून. ज्यासाठी आईनं रात्री जागवल्या होत्या ते नेमकं आत घडत होतं, आणि आई ओलं फडकं हातात धरून उभी होती, कारण प्रत्येक वाक्यानंतर आत एक थांबा होता. कुणीतरी हं म्हणावं एवढा. पाण्याचा नळ बंद करून ऐकायचं धाडस तिला झालं नाही.

मंगळवारी मुंगीला शेजारी ठेवून ती एकटीच वाचनालयात गेली. घालवून द्यायचं असेल तर भांडून काय उपयोग. जगातल्या नकोशा पाहुण्यांना घालवायचा खात्रीचा उपाय एकच, कंटाळा. तासभर शोधून तिनं इमारतींच्या सांडपाण्याच्या नळांवरचं एक पुस्तक काढलं. धूळ इतकी होती की ग्रंथपाल बाई शिंकल्या.

“सुट्टीसाठी?”

“विरंगुळा म्हणून,” ती म्हणाली.

दुपारी तिनं अत्यंत रुक्ष आवाजात सुरुवात केली. “नळाचा उतार कमी असल्यास गाळ साचतो.”

हं.

“उतार प्रमाणाबाहेर असल्यास पाणी पुढे निघून जाते व गाळ मागे राहतो.”

हं?

ती वाचायची थांबली. या वेळचा हं शेवटी किंचित वर गेला होता. असं होय, म्हणणारा. मुंगी तोंडावर उशी दाबून हसत होती. “आई, त्यांना हे माहीतच नव्हतं.”

आणि आश्चर्य म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. तिनं पुढचं वाक्य वाचलं, मग त्यापुढचं. गाळ मागे का राहतो हे तिला एकाएकी जाणून घ्यावंसं वाटायला लागलं. दिवसभर ती दुसऱ्यांचं ऐकायची, आणि तिचं असं, वाक्य न वाक्य टेकू देऊन, कुणी ऐकल्याला किती वर्षं झाली होती. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोघी नळांच्या सांध्यांपर्यंत पोचल्या होत्या. तो दारात उभा राहून ऐकत होता. “हे चुकीचं लिहिलंय,” तो म्हणाला, आणि बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसून खरं काय ते सांगायला लागला. त्याच्या वाक्यांवरही हं आला. त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं त्याच्याकडे. मग तो घसा साफ करून पुढे बोलत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त तपशिलात.

७

पुढच्या मंगळवारी दोघी मिळून पुस्तकं निवडायला गेल्या, तेव्हा जाताना रस्त्यानं गाणं म्हणत होत्या. भीती गेली नव्हती. पण भीतीला घरातल्या एका कोपऱ्यात नीट जागा करून दिली की तिच्या बाजूनं झाडूही मारता येतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

एका पुस्तकात दोन चोर एकाच घरात एकाच वेळी शिरतात आणि दोघंही आपण घरमालक असल्याचं सोंग आणतात. तिनं दोन पानं चाळली आणि मनात म्हणाली, हे आवडेल. मग चपापली. मुंगीला, असं ती म्हणाली नव्हती.

मुंगी जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्यापुढे ढीग होता. आईनं वरचं पुस्तक उघडलं. पानभर एक हत्ती. दुसरं उघडलं, झाडं आणि पाखरं. तिसऱ्यात अक्षरं जवळजवळ नव्हतीच.

“तुला चित्रांची नको होती ना?”

“आता चालतील.”

“का गं, आताच का?”

“आता दिसतात.” मुंगीनं हत्तीवर बोट फिरवलं. “आता ते जवळ बसतात ना.”

ग्रंथपाल बाई पलीकडे कुणावर तरी खेकसत होत्या. खिडकीतून ऊन येऊन पुस्तकांच्या पाठींवर सांडलं होतं. तिनं ढीग उचलला, चोरांचं पुस्तक त्यावर ठेवलं आणि शिक्के मारून घेतले. हातांवर काटा आला होता. पण पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता आणि ते जड ओझं तिला, खोटं कशाला बोला, आवडत होतं.

त्या दुपारी चोरांनी कहर केला. एक चोर दुसऱ्याला चहा करून देतो आणि साखर कुठे ठेवलीय हे दोघांनाही माहीत नसतं, तिथे तिला वाचताच येईना. मुंगी पोट धरून लोळत होती. हसता हसता आईनं डोळे पुसले आणि तिला गादी दिसली.

गादीला दोघींच्या मधोमध एक खळगा होता. कुणी बसलं की पडतो तसा, चादरीच्या सुरकुत्या त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या. आणि तो खळगा थरथरत होता. आवाज नव्हता. नुसता गदगद हलत होता, अप्पा आवाज न करता हसायचे तेव्हा त्यांचं पोट हलायचं तसा. मग हळूहळू शांत झाला.

हं, आला. थोडा धाप लागलेला.

तिनं पान उलटलं.

८

सुट्टी संपत आली तेव्हा पिशवीत एकच पुस्तक वाचायचं राहिलं होतं. हत्तीचं. पंखा आज बंद होता. वीज गेली होती आणि पडदा लोंबत होता तसाच, जराही न हलता. मुंगी नेहमीसारखी पायथ्याशी नव्हती, उठून बसली होती, डोकं एका बाजूला कललेलं.

“हत्ती नदीपाशी आला.”

ती थांबली. खोली गप्प होती.

तिनं वाट बघितली. बोट पानाच्या कोपऱ्याखाली तयार होतं, पण पान उलटेना. इतक्या महिन्यांची सवय बोटात मुरली होती. गेले की काय, तिला वाटलं, आणि सुटल्यासारखं मात्र वाटलं नाही. तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं. “हत्ती नदीपाशी आला.”

“हं,” मुंगी म्हणाली.

तिनं झटकन वर बघितलं. ओठ हलले होते. खरंखुरं मुंगीनं म्हटलं होतं. बारीक, किंचित घोगरा, अगदी पहिल्यांदाच वापरायला काढल्यासारखा हं. तिनं इतके महिने ऐकलेल्याच्या आसपासही नव्हता तो, आणि यापुढे त्याबद्दल स्वतःला काहीही समजवायची सोय उरली नव्हती. पण त्या क्षणी ते तिच्या डोक्यात राहिलंच नाही. वर्गशिक्षिकेला सांगेन, अप्पांना आत्ता फोन करेन, नवऱ्याला...  तिनं पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

“नदीला पाणी...”

“हं,” मुंगी म्हणाली.

“थांब गं, वाक्य तरी संपू दे,” ती हसत म्हणाली. “नदीला पाणी इतकं...”

“हं.”

ती वाचायची थांबली. मुंगी तिच्याकडे बघत नव्हती. पुस्तकाकडेही नाही. तिची नजर मऊ झाली होती, लांबवर लागलेली, चांगली गोष्ट ऐकताना होते तशी. खोलीत काहीही वाजत नव्हतं. मुंगीनं जरा वेळ ऐकलं, ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि पुन्हा हं म्हणाली.

गादीतला खळगा आज दोघींच्या मध्ये नव्हता. मुंगीला अगदी खेटून होता. वारा नव्हता, पंखा नव्हता. मुंगीच्या कानावरची बट हलत होती. थांबायची, हलायची. थांबायची, आणि मुंगी हं म्हणाली की परत हलायची.

“मुंगे,” तिनं हाक मारली. आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला. “कुणाला हं म्हणतेस, बाळा?”

मुंगीनं बोट ओठांवर ठेवलं. मग तिच्या चेहऱ्यावर एकदम इतका आनंद पसरला, की आई सगळं विसरून क्षणभर नुसती बघतच राहिली. मुंगीनं हात पुढे करून तिची ओढणी धरली आणि तिला जवळ ओढलं.

“आई, तू पण हं म्हण ना,” ती कुजबुजली. “आता गोष्टीत तू येतेस.”